गाठ काढली, आता ब्लॉक सांभाळा: मुलांच्या मेंदूच्या गाठीची मॉलेक्युलर तपासणी, खान्देशातल्या पालकांसाठी

मेणाचा ब्लॉक काड्यापेटीहून थोडा लहान असतो. खाली प्लॅस्टिकची जाळीदार कॅसेट, तिच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेला नंबर, आणि वर पांढऱ्या मेणात रुतलेला तुरीच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजे तुमच्या लेकराच्या डोक्यातून काढलेली गाठ. मी धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं हेच ब्लॉक बनवते, कापते, कपाटात लावते. निदान पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर करतात, पण निदानाला जे लागतं ते आधी माझ्या हातून जातं. ते कुठे बिघडतं हे मला रोज दिसतं.

गेल्या उन्हाळ्यात साक्री तालुक्यातले एक भाऊ आले. वायरच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्मा, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या, पोरीचा जन्मदाखला, सगळं तारखेनुसार लावलेलं. मुंबईला जाऊन परत आले होते, कारण तिथे डॉक्टरांनी पहिलंच विचारलं होतं, "ब्लॉक आणलाय का?" ब्लॉक म्हणजे काय हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मला म्हणाले, "ताई, गाठ ते काढी टाकी ना, मंग आते कसाले तपासनी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

गाठीचं खरं नाव का लागतं

कपाशीच्या दोन वाणांचं बियाणं हातावर घेतलं तर फरक दिसत नाही. पेरल्यावर दोन महिन्यांनी कळतं, आणि तोवर हंगाम निघून गेलेला असतो. मेंदूच्या गाठींचंही असंच आहे. मायक्रोस्कोपखाली दोन गाठी सारख्या दिसतात, पण एक किरणोपचारांनी बरी होण्यासारखी असते आणि दुसरीला वेगळीच औषधं लागतात. फरक पेशीच्या आतल्या जनुकांत असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात २०१६ साली पहिल्यांदा जनुकीय खुणा घेतल्या. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत मुलांच्या ग्लायोमा गाठी (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या) मोठ्यांच्या गाठींपासून वेगळ्या काढल्या. आता पूर्ण निदान म्हणजे मायक्रोस्कोप काय सांगतो आणि जनुक काय सांगतात, हे दोन्ही एका ओळीत. रिपोर्टमध्ये या ओळीला एकत्रित निदान म्हणतात. ती ओळ नसेल तर निदान अजून अर्धं आहे असं समजा आणि डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या कॅन्सरनंतर मेंदूच्या गाठींचाच नंबर लागतो. पण त्यांचे प्रकार इतके आहेत की एकेक प्रकार दुर्मीळ ठरतो. त्यामुळे तालुक्याच्या डॉक्टरांनी एखादा प्रकार आयुष्यात एकदाच पाहिलेला असू शकतो. त्यात त्यांचा दोष नाही.

ऑपरेशनच्या आधी

लक्षणांबद्दल थोडक्यात सांगते. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं आणि उलटी, चालताना झोक जाणं, अचानक आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला वाकडी धरणं, तान्ह्या बाळाचं डोकं भराभर मोठं होणं. पित्ताच्या गोळ्या, चष्मा, नजर उतरवणं यात महिने जातात. आठवड्यापेक्षा जास्त दिवस सकाळची उलटी चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मूल सुस्त झालं, उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. डोक्यात पाणी साचून दाब वाढलेला असू शकतो, आणि तो आधी उतरवावा लागतो.

एमआरआय काढताना कॉन्ट्रास्टसह मेंदूचा आणि शक्यतो पूर्ण मणक्याचाही ऑपरेशनआधीच काढून घ्यावा. काही गाठी मणक्यात उतरतात, आणि ऑपरेशननंतर तिथे रक्ताचे डाग दिसून वाचण्यात गोंधळ होतो.

प्रत्येक गाठीचा तुकडा काढावाच लागतो असं नाही. मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतील आणि गाठ डोळ्याच्या नसेवर असेल, तर तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराचा प्रकार असू शकतो. तिथे अनेकदा बायोप्सीविना निदान होतं. मेंदूच्या मधल्या भागातल्या काही गाठी जर्म सेल, म्हणजे बीजपेशींच्या, प्रकारच्या असतात. त्यांत रक्तात आणि पाठीच्या पाण्यात एएफपी आणि बीटा एचसीजी हे गाठीचे दर्शक पदार्थ वाढलेले दिसले, तर तेवढ्यावरच निदान पक्कं होऊ शकतं. या दोन शक्यता तपासल्या का, एवढं सर्जनना विचारायला हरकत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी: तुकडा कशात ठेवतात

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण इथे बिघडलेलं पुढे कुठेच सुधारत नाही.

काढलेला तुकडा दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवून धरणाऱ्या द्रावणात, टाकतात. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहा पट लागतं, आणि बाटली रुंद तोंडाची हवी. लोणच्याला मीठ कमी पडलं की फोड आतून नासते, तसंच फॉर्मॅलिन कमी पडलं की तुकडा वरून बरा दिसतो आणि आतून कुजतो. तुकडा त्यात साधारण सहा तास ते तीन दिवस राहावा. त्याहून कमी राहिला तर कच्चा राहतो, आणि आठवडाभर तसाच पडला तर डीएनएचे तुकडे होतात. आरएनए, म्हणजे जनुकांची पेशीतली नक्कल, तर त्याहून नाजूक.

एक प्रसंग सांगते, दवाखान्याचं नाव घेत नाही. मे महिन्यातला शनिवार, संध्याकाळ. एका मुलाच्या मेंदूचा तुकडा आमच्याकडे आला तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, सलाइनमध्ये. फॉर्मॅलिन संपलं होतं म्हणे. दुपारी काढलेला तुकडा पाच तास तसाच उन्हाळ्यातल्या खोलीत होता. साध्या तपासणीत डॉक्टरांना गाठीचं कूळ कळलं, पण पुढे आरएनएची तपासणी दोनदा केली आणि दोन्ही वेळा तीच ओळ आली: नमुना अपुरा. त्या मुलाच्या गाठीत कुठली दोन जनुकं एकमेकांना जोडली गेली होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती बाटली मी अजून विसरले नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना किंवा त्यांच्या असिस्टंटना हे विचारा. संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

तुकडा कुठल्या लॅबला जाणार आहे? फॉर्मॅलिनची बाटली ऑपरेशन थिएटरमध्ये तयार आहे का? तुकडा पुरेसा मोठा मिळाला, तर थोडा भाग फॉर्मॅलिनविना गोठवून ठेवता येईल का? गोठवायची सोय खान्देशात क्वचितच मिळते आणि तिच्याविना काम अडत नाही. आजकालच्या बहुतेक तपासण्या मेणाच्या ब्लॉकवर होतात. नवी मुंबईच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी तर मेड्युलोब्लास्टोमा या लहान मेंदूतल्या गाठीचा गट मेणाच्या ब्लॉकवरूनच ओळखणारी पीसीआर तपासणी (जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो मोजणारी) २०१३ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे जे मिळतं त्यातूनच काम करायचं, या विचाराची ती तपासणी होती.

तपासण्यांचा क्रम

सगळ्यात महागडी तपासणी सगळ्यात आधी करायची नसते. पायऱ्या अशा असतात.

पहिली पायरी साध्या स्लाइडची. मी ब्लॉक मायक्रोटोमवर लावते आणि चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढते. ते रिबिनीसारखे एकाला एक चिकटून कोमट पाण्यावर तरंगतात, मग काचेवर उचलायचे. गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून डॉक्टर बघतात. गाठ कुठल्या घराण्यातली, साधारण किती आक्रमक, हे इथे कळतं.

दुसरी पायरी आयएचसी. पापुद्र्यावर अँटिबॉडी टाकायची. प्रथिन असेल तर तपकिरी रंग येतो. हे काही दिवसांत होतं, तुलनेनं स्वस्त असतं, आणि मुलांच्या गाठींत कितीतरी उत्तरं इथेच मिळतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळात मेड्युलोब्लास्टोमासारखी दिसणारी गाठ प्रत्यक्षात एटीआरटी ही फार आक्रमक गाठ असू शकते. त्या गाठीत आयएनआय१ नावाचं प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं असतं. रंग आलाच नाही की संशय पक्का होतो, आणि उपचाराची दिशाच बदलते. मेंदूच्या देठात किंवा मध्यभागी पसरलेल्या ग्लायोमात एच३ के२७एम ही खूण अशीच रंगावर दिसते. बीरॅफ जनुकातल्या व्ही६००ई या बदलासाठीही अँटिबॉडी आहे.

पण आयएचसीला मर्यादा आहेत. पिलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा या मुलांमधल्या संथ गाठीत केआयएए१५४९ आणि बीरॅफ ही दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलेली असतात. तो जोड व्ही६००ईच्या अँटिबॉडीला दिसत नाही. त्यासाठी फिश (जनुकांना चमकणारी खूण लावून बघायची तपासणी) किंवा आरएनएची तपासणी लागते, ती तिसरी पायरी. एनजीएस पॅनल हीसुद्धा याच पायरीवर. त्यात एकाच नमुन्यात बरीच जनुकं एकदम वाचतात. अगदी लहान बाळांच्या मोठ्या मेंदूतल्या ग्लायोमात एएलके, आरओएस१, एनटीआरके, एमईटी यांचे जोड सापडतात, आणि त्यांतल्या काहींवर नेमकी औषधं आहेत. एपेंडिमोमा या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या अस्तरातून होणाऱ्या गाठीतही तसंच: मोठ्या मेंदूतल्या गाठीत झेडएफटीए जोड शोधतात, आणि लहान मेंदूजवळच्या गाठीचे पीएफए आणि पीएफबी असे गट पाडतात.

चौथी पायरी मिथायलेशन. डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा कुठे कुठे बसल्या आहेत याचा नकाशा काढतात. प्रत्येक प्रकारच्या गाठीचा नकाशा वेगळा, जवळजवळ अंगठ्याच्या ठशासारखा. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटानं २०१८ साली याचं संगणकी वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यांनी नेहमीच्या कामातल्या १,१०४ गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे १२ टक्के रुग्णांचं निदान बदललं. रिपोर्टमध्ये एक आकडा येतो, शून्य ते एकच्या मधला. ०.९ च्या वर असेल तर जुळणी पक्की मानतात. त्याखाली असेल तर "गाठ नाही" असा अर्थ होत नाही. नमुन्यात गाठीच्या पेशी कमी असतील किंवा प्रकार फारच दुर्मीळ असेल. असा कागद हाती आला की घाबरून जाऊ नका आणि गूगलवर रात्र काढू नका, पॅथॉलॉजिस्टना गाठा.

माझं मत स्पष्ट सांगते. मिथायलेशन प्रत्येक मुलाला लागत नाही. ज्याची गाठ पिलोसायटिक आहे आणि पूर्ण निघाली आहे, त्याच्या बापानं त्यासाठी शेत गहाण ठेवू नये. पण जिथे मायक्रोस्कोप आणि आयएचसीचं उत्तर जुळत नाही, तिथे ती टाळू नये.

उपचार खरंच बदलतात का

बदलतात, पण सगळ्यांचे नाही, आणि हे खरं सांगायला हवं.

लहान मेंदूत होणारा मेड्युलोब्लास्टोमा चार गटांत मोडतो: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली ९० टक्क्यांहून जास्त मुलं नेहमीच्या उपचारांनी बरी होतात. एसएचएच गटात टीपी५३ जनुक बिघडलेलं असेल तर चित्र एकदम वेगळं. गट ३ मध्ये एमवायसी जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर गाठ हट्टी. त्यामुळे कुठल्या मुलाला किती किरण द्यायचे हा निर्णय या नावावर येतो.

बीरॅफ व्ही६००ई असलेल्या संथ ग्लायोमासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही औषधांची जोडी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२३ मध्ये एक वर्षावरच्या मुलांसाठी मान्य केली. ती तोंडावाटे घ्यायची असते. ही खूण तपासलीच नाही तर हा पर्याय कोणाच्या लक्षात येणार नाही.

आणि देठातल्या एच३ के२७एम ग्लायोमाबद्दल खोटी आशा मी देणार नाही. किरणांनी काही महिने लक्षणं कमी होतात, पण बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभरातच जातात. अशा घराला खरं नाव कळलं तर ते पुढचे महिने कसे घालवायचे हे स्वतः ठरवू शकतात. कर्ज काढून दहा शहरं फिरायची की पोराला घरी, आजीजवळ ठेवायचं, हा त्यांचा हक्क आहे.

वेळेचं गणितही लक्षात ठेवा. मेड्युलोब्लास्टोमात ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत किरणोपचार सुरू व्हायला हवेत. एनजीएस आणि मिथायलेशनचा रिपोर्ट यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. म्हणजे टाके निघाल्यावर गावी जाऊन, लग्नसराई उरकून, मग बघू म्हटलं तर हातात काहीच उरत नाही. ब्लॉक पुढे पाठवायची व्यवस्था पहिला रिपोर्ट आल्या आल्या करा.

ब्लॉक कसा मागायचा, कसा न्यायचा

लॅबला साधा अर्ज द्या: मुलाचं नाव, रिपोर्ट नंबर, कुठल्या दवाखान्यात न्यायचं आहे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर उत्तम. ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड आणि रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत मागा. ब्लॉक एकापेक्षा जास्त असतील तर गाठीचा भाग ज्यात सर्वांत जास्त आहे तो पॅथॉलॉजिस्टना दाखवायला सांगा आणि तो न्या. शक्य असेल तर एक ब्लॉक लॅबमध्येच राहू द्या. प्रवासात हरवला तर दुसरा नाही.

ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर काउंटरवरच, उभ्या उभ्या, ताडून बघा. नावाचंही तसंच. घरी हाक मारायचं नाव दवाखान्यात, दुसरंच आधारवर, असं आपल्याकडे फार होतं. अक्कलकुवा, धडगावकडच्या कुटुंबांत तर नाव लिहून घेणाऱ्यानं पावरी बोलीतला उच्चार ऐकून भलतंच लिहिलेलं असतं. मुंबईत नाव जुळलं नाही की नमुना बाजूला ठेवतात. सुरुवातीलाच दुरुस्त करून घ्या.

मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. जळगाव-धुळ्याला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त तापतं. ब्लॉक डॅशबोर्डवर, डिकीत किंवा एसटीच्या टपावर ठेवू नका. फ्रीज किंवा बर्फ लागत नाही. कापसात गुंडाळून टणक डब्यात, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. स्लाइडसाठी लॅबमधून प्लॅस्टिकचा स्लाइड-डबा मागा. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्लाइड मी फुटून आलेल्या पाहिल्या आहेत.

पैसे, प्रवास, मुक्काम

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड आणि आधार लागतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. कुठली तपासणी योजनेत बसते आणि कुठली नाही, हे पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाकडे जायला लाजू नका. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तिथूनच समजून घ्या.

मुंबईतलं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं रुग्णालय परळला आहे. धुळ्याहून रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जळगाव-भुसावळहून रेल्वेनं दादरला उतरणं सोपं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत देते. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं पूर्ण भाडं माफ होतं आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठीचा दाखला दवाखान्यातून मिळतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. मुक्कामासाठी मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं आहेत, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जागा मर्यादित असते, म्हणून समाजसेवकांना पहिल्याच दिवशी सांगा.

घरच्या माणसांसाठी

काही गाठींत बिघाड जन्मजात असू शकतो. एटीआरटीत स्मार्कबी१ जनुकात, एसएचएच मेड्युलोब्लास्टोमात टीपी५३ किंवा एसयूएफयू जनुकात. म्हणून डॉक्टर मुलाचं आणि कधी आई-बापाचं रक्त मागतात. ते द्या. पुढच्या भावंडांसाठी ते कामी येतं, आणि टीपी५३ चा जन्मजात बिघाड निघाला तर किरण द्यायचे की टाळायचे याचाही विचार बदलतो. मामे-आते नात्यात लग्न झालं असेल तर लपवू नका. एक दुर्मीळ प्रकार असा आहे की आई आणि बाप दोघांकडून बिघाड आला तरच तो होतो.

आणि सासूबाईंना, नणंदांना, भावकीला माझी कळकळीची विनंती आहे: हे सुनेच्या कुळाचं नाही, ग्रहणात काही चिरल्याचं नाही, बाधेचं नाही. बहुतेक गाठींत बिघाड नव्यानंच, गाठीच्या पेशींतच झालेला असतो. आई आधीच अर्धी मेलेली असते. तिला काउंटरवर एकटी उभी करू नका.

काम झालं की ब्लॉक परत मागा आणि मूळ लॅबमध्ये जमा करा. गाठ पुन्हा आली तर नवीन तुकड्याशी ताडून बघायला जुनाच ब्लॉक लागतो. किती वर्षं ठेवणार हे लॅबला विचारून रिपोर्टच्या मागे लिहून ठेवा.

साक्रीचे भाऊ दिवाळीनंतर परत आले. पोरीचे किरण चालू होते, केस गेले होते, भूक मात्र चांगली होती म्हणाले. पिशवीतून भाकरीचा स्टीलचा डबा काढला, कापूस बाजूला केला आणि ब्लॉक माझ्यासमोर ठेवला. "ताई, हाई ठेवी ल्या." मी नंबर ताडला, रजिस्टरला नोंद केली आणि त्यांची सही घेतली.